दूध आणि पायताण

दिवाळीला आपण दिव्यांचा सण म्हणतो. पण मला नेहमी वाटते, हा खरा कातडीचा सण आहे. दिवे लागतात ते संध्याकाळी. सण सुरू होतो तो मात्र पहाटेच्या अंधारात, पाटावर उघड्या अंगाने कुडकुडत बसल्यावर. घरातले वडील माणूस टाळूवर तेल घालते, पाठीला खसाखसा उटणे चोळते आणि वर कढत पाण्याचा तांब्या ओतते. वर्षभर जिच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्या कातडीचा त्या पहाटे काय तो थाट!

आमच्या कोल्हापुरात हा थाट एकट्या माणसाचा नसतो. पाडव्याच्या दिवशी येथे म्हशीलाही मान मिळतो. गवळी मंडळी आपल्या म्हशीला घासूनपुसून न्हाऊ घालतात, अंगावरचे केस भादरतात, शिंगे रंगवतात, मोरपिसे लावतात, गळ्यात घुंगरांच्या माळा बांधतात. मग सागरमाळावर, कसबा बावड्यात, शनिवार पेठेत माणसांची दाटी होते आणि मालकाच्या मोटारसायकलीमागे, त्याच्या हाकेसरशी, ती तुकतुकीत काळी लक्ष्मी धावत सुटते. परगावचा पाहुणा तोंडात बोट घालून विचारतो, "म्हैस आणि धावते?" कोल्हापूरकर त्याच्याशी वाद घालत बसत नाही. रात्री त्याला गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेतो आणि धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला त्याच्या हातात देतो. पाहुण्याच्या शंका तेवढ्याने मिटतात.

या सदराच्या वाचकांना माझा पिंड ठाऊक आहे. मी मराठीचा मास्तर. शब्दांच्या आणि म्हणींच्या गोष्टी सांगणे हा माझा धंदा, आणि दर आठवड्याला या पानावर मी तोच करीत असतो. शास्त्र या विषयाची आणि माझी शाळा सुटल्यावर फारकत झाली, ती आजतागायत. पण दिवाळी अंकात संपादक जागा थोडी ऐसपैस देतात, म्हणून यंदा जरा दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याचे धाडस करतो. गोष्ट एका कातड्याची आहे. ती मला शिकवली एका विद्यार्थ्याने, आणि शिकवताना माझीच परीक्षा घेतली.

झाले ते असे. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी वाक्प्रचार शिकवीत होतो. मराठी भाषेला कातडीचे भारी वेड! भ्यालो की आपल्याला घाम फुटतो, भुताची गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो, संकटातून निसटताना आपण कातडी बचावतो, आणि पुढाऱ्यांची कातडी तर गेंड्याची असते. असे एकेक फळ्यावर लिहीत मी शेवटी आलो माझ्या आवडत्या वाक्प्रचारावर : 'अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत.' आवाज थोडा कंपित करून मी त्यातली कृतज्ञता, समर्पण वगैरे समजावून सांगू लागलो. तोच मागच्या बाकावरून एक पोरगा सहज बोलून गेला,

"पर सर, ते टिकायचं न्हाई."

वर्ग हसला. मी विचारले, "काय टिकायचं नाही?"

"माणसाच्या कातड्याचं पायताण. लई पातळ असतंय. महिनाभर बी चालायचं न्हाई."

वर्ग पुन्हा हसला. पण या वेळचे हसणे निराळे होते. पोरगा एकदम गप्प झाला आणि त्याने मान खाली घातली. एवढी पक्की माहिती याला कोठून, हा प्रश्न त्या हसण्यात होता, आणि त्याचे उत्तरही त्या हसण्यातच होते.

तास संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले. वर्षाच्या आरंभी मी मुलांकडून 'माझे घर' या विषयावर एक पान लिहवून घेतो. याच्या पानावर 'वडील खाजगी नोकरी करतात' असे एक वाक्य होते, ते मला आठवत होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "आमच्यात पायताणं करत्यात, सर. मला आज्जानं सांगितलेलं." आणि थोडे थांबून, "तुम्ही या की एकदा घरला."

मी 'येईन' म्हणालो. पण अडाणीपणाने जाऊ नये, म्हणून आधी प्राणिशास्त्राच्या माझ्या प्राध्यापक मित्राकडे गेलो. कातडे म्हणजे नेमके काय असते, हे मला एकदा दाखव, असे मी म्हणालो. त्याने लाकडी पेटीतून काचेची एक पट्टी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला स्टुलावर बसवले. डोळा लावण्यापूर्वी मी विचारले, "हे कुणाचे कातडे? माणसाचे, उंदराचे की कुत्र्याचे?"

मित्र म्हणाला, "सस्तन प्राण्याच्या त्वचेचा उभा छेद. चिठ्ठीवर एवढेच आहे. शिकवायला तेवढे पुरते."

ते वाक्य मी विसरलो नाही. पुढे कामाला आले.

वाचकहो, त्या नळीतून काय दिसले म्हणून सांगू! गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवलेले जणू एक गावच. सर्वांत वर पातळशी बाह्यत्वचा. तिच्या तळाशी जांभळ्या पेशींची एक ओळ दाटीवाटीने उभी. या पेशी सतत विभागत असतात. नवी पेशी जन्मली की जुनी वर ढकलली जाते. वर जाता जाता ती चपटी होते, तिच्यात केराटिन नावाचे चिवट द्रव्य भरत जाते आणि पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत ती मेलेली असते. माणसात या प्रवासाला सुमारे महिना लागतो. म्हणजे आपण ज्याला गोरे, सावळे, देखणे म्हणतो, ते वरचे पटल सगळे मृत पेशींचे. पहाटे उटण्याने निघतो तो मळ बराचसा हाच. नख, केस, शिंगावरचे आवरण आणि खूर हीही त्याच केराटिनची कामगिरी. 'नखशिखांत' हा शब्द आम्ही मराठीवाले रोज वापरतो. नखापासून शेंडीपर्यंत एकच माल भरला आहे, हे मला तेव्हा कळले!

त्या तळच्या ओळीतच अधूनमधून काही निराळ्या पेशी बसलेल्या असतात. त्या काळे रंगद्रव्य तयार करतात आणि शेजारणींना वाटतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. कमीजास्त असते ते त्यांनी केलेले रंगाचे काम. आणि हे सगळे नाट्य ज्या पटलात घडते, त्याची जाडी अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी. वधूवरांच्या जाहिरातींत ज्याच्यावर लग्ने ठरतात आणि मोडतात, ते सारे भांडवल एवढे.

त्याखाली अंतस्त्वचा. खरे कातडे ते हे. कोलॅजन नावाच्या तंतूंचे जाडजूड गुलाबी पेड एकमेकांत आडवेतिडवे विणलेले. घोंगडीच्या विणीसारखे, पण तिच्याहून शतपट किचकट. रक्तवाहिन्या येथे, मज्जातंतूंची टोके येथे. बाह्यत्वचेत रक्ताचा थेंब नसतो. तिचे सगळे पोषण खालून होते. वरच्याने मिरवायचे आणि खालच्याने पोसायचे, हा न्याय समाजातच आहे असे नाही.

मित्र मग म्हणाला, "आता हे तिरके विवर पाहा." बाह्यत्वचा आत दबून एक खोल खळगा झाला होता आणि त्यातून केस उगवला होता. हा केशकूप. त्याच्या कुशीत द्राक्षाच्या घडासारखी एक ग्रंथी. ही तेलाची. हिची तऱ्हा मोठी विलक्षण : हिच्या पेशी तेल गाळत नाहीत, स्वतः तेलाने भरून फुटतात आणि त्यांचा चुराच तेल होऊन केसाच्या मुळाशी उतरतो. म्हणजे पहाटे आपण बाहेरून लावतो तो एक अभ्यंग, आणि आतून बारा महिने चाललेला असतो तो दुसरा. केशकुपाला एक बारीक स्नायूही चिकटलेला असतो. थंडी वाजली वा भीती वाटली की तो आखडतो आणि केस ताठ उभा राहतो. कुत्रा-मांजराला त्याचा उपयोग. पिंजारलेल्या केसांत ऊबही राहते आणि प्राणी मोठाही दिसतो. आपल्या अंगावरचे केस बारीक झाले, पण स्नायू राहिला. अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे. ज्यांना काटा दाखवायला केसच उरले नाहीत, त्या आपल्यासारख्यांची ही जुनी सवय.

आणि मग घामाच्या ग्रंथी. अंतस्त्वचेत खोलवर गुंतवळ करून बसलेल्या बारीक नळ्या. माणसाच्या अंगावर यांची संख्या वीस ते चाळीस लाख. एवढे पाणी अंगावर शिंपडून घेण्याची सोय देवाने फार थोड्या प्राण्यांना दिली आहे. कुत्र्याला असा घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना. उन्हात त्याची जीभ बाहेर येते ती म्हणूनच. आणि म्हैस? तिची अडचण मोठी आहे. गाई-म्हशींत प्रत्येक केसाबरोबर एक घामाची ग्रंथी असा हिशेब असतो. रेडकू जन्मते तेव्हा केसाळ असते, पण मोठ्या म्हशीच्या अंगावर केस विरळ. म्हणून घामाच्या ग्रंथीही गाईपेक्षा कितीतरी कमी. रंग काळा, ऊन शोषणारा. घाम गाळायची सोय नाही, म्हणून ती चिखल-पाणी शोधते. डबक्यात डोळे मिटून बसलेल्या म्हशीला आपण आळशी म्हणतो. बिचारी बाहेरून घाम लावून घेत असते!

"आणि गंमत ऐक," मित्र म्हणाला, "घामात जिने एवढी काटकसर केली, तिनेच एका ठिकाणी उधळपट्टी केली आहे. कास."

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितले ते ऐकून मी स्टुलावर नीट सावरून बसलो. दुधाची ग्रंथी ही त्वचेचीच ग्रंथी. भ्रूणाच्या अंगावरच्या त्वचेतून ती आत वाढत जाते; फार प्राचीन काळी केसांच्या मुळाशी असलेल्या घामासारख्या ग्रंथींपासूनच ती विकसित झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस म्हणून एक प्राणी आहे. तो अंडी घालतो, पण पिलांना दूध पाजतो. आणि त्याला सड नाहीत! पोटाच्या कातडीवर दूध पाझरते आणि पिले केसांतून चाटून घेतात. म्हशीच्या कासेत असल्या ग्रंथींची लक्षावधी सूक्ष्म द्राक्षे असतात, आणि प्रत्येक द्राक्षाभोवती टोपलीच्या कामट्यांसारख्या काही पेशी. रेडकाने कासेला ढुशी दिली की म्हशीच्या मेंदूतून रक्तात एक द्रव्य सुटते आणि या टोपल्या आवळल्या जातात. आपण म्हणतो, पान्हा फुटला. तशाच टोपलीपेशी घामाच्या ग्रंथींभोवतीही असतात. घाम फुटणे आणि पान्हा फुटणे! भाषेने दोन्हीकडे एकच क्रियापद योजले, हे पाहून माझ्यातला मराठीचा मास्तर सुखावला.

केस, घाम, तेल आणि दूध. सस्तन प्राण्याचे सस्तनपण ज्यात आहे, त्यातले बहुतेक सगळे कातडीचे काम. सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पीगी या वैद्याने सूक्ष्मदर्शकातून त्वचेचे थर पाहिले. बाह्यत्वचेच्या खालच्या भागाला आजही त्याचे नाव आहे. आपल्या सुश्रुताजवळ तर भिंगही नव्हते. तरी त्याने त्वचेचे सात थर सांगितले, त्यांना अवभासिनी, लोहिता, श्वेता अशी नावे दिली, आणि त्यांची जाडी भाताच्या दाण्याच्या मापाने मांडली. हे थर गर्भावर कसे येतात याला त्याने दिलेली उपमा तर आमच्या विषयाला चपखल आहे : तापत्या दुधावर साय धरावी तसे. कातडे म्हणजे साय! मी मित्राचे आभार मानले आणि दुसऱ्या रविवारी त्या पोराबरोबर सुभाषनगरात गेलो.

घर लहान. पुढच्या खोलीत पोराचे वडील पाट्यावर पट्टा ठोकत बसलेले. भोवती रापी, आरी, वाद्यांचे गुंडाळे, अर्धवट तयार चपला. कोपऱ्यात आज्जा. वय ऐंशीच्या पुढे, डोळे जवळजवळ गेलेले. "या मास्तर, बसा की," म्हणत त्यांनी पुढ्यातला एक कातड्याचा तुकडा उचलला आणि अंगठा त्यावरून सावकाश फिरवला. "म्हशीचं. पाठीचं न्हाई, मानंकडचं." नातवाने मला खूण केली : बरोबर आहे.

मला मित्राच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवली. बोटांच्या टोकांत, बाह्यत्वचेच्या अगदी लगत, हलका स्पर्श टिपणारी सूक्ष्म बोंडे असतात. जर्मन शास्त्रज्ञ माइसनर यांनी १८५२ साली ती दाखवून दिली. पुस्तकात ती मी चित्रात पाहिली होती. येथे ती काम करताना दिसत होती.

आज्जांनी मग मला कातडे शिकवले. प्राणिशास्त्राच्या तासाला मी जे वरून खाली पाहिले होते, ते त्यांनी खालून वर सांगितले. कातडे कमावण्याचे काम पिढ्यान्पिढ्या ढोर समाजाकडे. त्यांच्याकडून ते यांच्याकडे येई. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात टाकतात. चुन्याने केस सुटतो, आणि केसाबरोबर वरचे पटलही जाते. मग आतल्या बाजूचे मांस-चरबी तासून काढतात. "वरचं बी जातंय आन् खालचं बी. मधलं ऱ्हातंय. चालायचं काम त्या मधल्याचं." मी मनात म्हणालो, हीच ती अंतस्त्वचा! रंग गेला, केस गेले; उरली ती विणलेली घोंगडी. तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रांची नक्षी राहते, ती केशकुपांची. त्या नक्षीवरून जनावर ओळखतात. मेंढीचे कातडे पोकळ का लागते, हेही त्यांना ठाऊक होते, "लोकर दाट, तितकी भोकं दाट." केस, तेलाच्या ग्रंथी आणि चरबी निघून गेल्यावर तेथे रिकाम्या जागा राहतात, हे पुस्तकातले उत्तर. दोहोंत मला फरक दिसला नाही.

मग राहिलेले ते कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. जुनी रीत अशी की, कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात हे पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत राहते आणि कातडे पिकते. इतक्यात घरातून पोराची आई चहाचे कप घेऊन आली.

आता मला एक कबुली द्यायची आहे. कप पुढे आला तेव्हा माझा हात अडखळला. क्षणभरच, पण अडखळला. मी चाळिशी ओलांडलेला, चार पुस्तके वाचलेला, वर्गात समतेवर व्याख्याने देणारा माणूस. तरी त्या क्षणी माझ्या हातात माझी आजी आली.

माझी आजी मनाने प्रेमळ होती. पण वर्षाकाठी एकदा आमच्या दारी एक म्हातारे गृहस्थ नवे पायताण घेऊन येत, तेव्हा ती दोनच शब्द बोले : "ठेव तिथं." वयाने आपल्यापेक्षा थोर माणसाला ती अरेतुरे करी, पैसे उंबऱ्यावर ठेवी आणि ते गेल्यावर पायताणावर पाणी शिंपडून मगच हात लावी. मला ते तेव्हा विचित्रही वाटले नाही. थोड्या वेळाने तीच मला गवळ्याकडचे ताजे दूध पेल्यात घालून देई आणि म्हणे, "पी बाळा, अमृत आहे." एकाच म्हशीच्या कातडीने गाळलेले दूध अमृत, आणि तीच कातडी शिवणाऱ्याचा हात विटाळ! स्पर्श करणे हेच ज्या अवयवाचे काम, त्या अवयवाला हात लावणाऱ्याला आपण अस्पृश्य ठरवले. एवढा मोठा विनोद कोणत्याही भाषेने केला नसेल, आणि तो शतकानुशतके कुणाला विनोद वाटला नाही.

मी कप घेतला. आज्जांनी माझा अडखळलेला हात पाहिला नसणार. त्यांना दिसतच नव्हते. पण ते म्हणाले, "च्या तुरट लागतुया का बघा. तुरट असंल तर दूध घालाया सांगतो. हिरड्यात बी हेच की."

किती साधे वाक्य! चहातले आणि हिरड्यातले तुरट द्रव्य एकाच गोत्रातले. जीभ आखडते, कारण ते लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरते. कातड्यात ते कोलॅजनच्या तंतूंना तसेच धरते, मधले पाणी हुसकावते आणि कातडे कुजायचे थांबते. चहात दूध घातले की तुरटपणा उतरतो, कारण ते द्रव्य जिभेला सोडून दुधातल्या प्रथिनांना धरते. म्हणजे माझ्या हातातल्या त्या कपात दूध आणि पायताण यांची केव्हाच भेट झालेली होती. अडखळत होतो तो मी एकटाच. याच गावात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्या चहाला आता शंभर वर्षे उलटली. माझ्या हाताला अजून ते पुरते कळले नव्हते.

निघताना मी आज्जांना तो वाक्प्रचार सांगितला. ते हसले. म्हणाले, "त्ये खोटं न्हवं, मास्तर. हरळय्यानं केलंय त्ये." आणि त्यांनी बाराव्या शतकातल्या कल्याण नगरीतली आख्यायिका सांगितली. पायताणे करणाऱ्या हरळय्याने वाटेत बसवण्णांना एकदा 'शरणु' म्हणून नमस्कार केला. बसवण्णांनी दोनदा केला. एवढ्या थोर माणसाने आपल्याला एक नमस्कार जास्त केला, हे ऋण कसे फेडावे? हरळय्याने आणि त्याच्या बायकोने आपापल्या मांडीचे कातडे काढून त्यांचे जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्याला लावले. पुढे याच हरळय्याच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाले, आणि त्यापायी बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांना देहान्त दिला. आज्जा एवढे सांगून थांबले आणि म्हणाले, "एक नमस्काराची किंमत बघा."

मी फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलेल्या वाक्प्रचाराच्या पाठीमागे रक्त होते, ते असे मला कळले. माझ्या कंपित आवाजाची मला लाज वाटली.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशनच्या सोहळ्यात प्रादा या इटालियन कंपनीने अगदी याच घाटाच्या चपला मिरवल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. येथून ओरड झाली, तेव्हा त्यांनी ते मान्य केले. आपण सगळे संतापलो, आणि संतापायलाच हवे होते. पण नाव न घेण्याची कला आपण इटलीकडून शिकलेली नाही. ज्यांनी आपल्या दारात पायताण आणून ठेवले, त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे नाव आजीला ठाऊक नव्हते, मलाही नाही.

त्या पोराने यंदा कॉलेजच्या वार्षिक अंकाला एक लेख दिला. मी काही सुचवले नव्हते. विषय त्याचाच : पायताणाचे शब्द. कान, पट्टा, अंगठा, वेणी, वादी. कापशी, कुरुंदवाडी, अथणी. काही शब्द मी एम. ए. होऊनही कधी ऐकले नव्हते. लेखाच्या खाली लेखकाचा परिचय असतो. तेथे त्याने लिहिले होते : 'वडील आणि आज्जा पायताणे करतात.' 'खाजगी' हा शब्द गेला होता. मी त्या मजकुरातले फक्त एक शुद्धलेखन दुरुस्त केले.

यंदाच्या पाडव्याला मी सागरमाळावर जाणार आहे. म्हशी पळतील, घुंगरे वाजतील. त्या काळ्या पाठीवर ऊन पडून ती लखलखेल, तेव्हा मला ठाऊक असेल की, त्या चकाकीत गवळ्याच्या तेलाबरोबर तिच्या स्वतःच्या ग्रंथींचेही तेल आहे. तेथून सुभाषनगरात जायचे आहे. नव्या पायताणाचे माप मागेच देऊन ठेवले आहे. पोराचे वडील ते पुढे करतील.

मी दोन्ही हातांनी घेईन.